सत्तरीला दिलेली सवलत

एकदा एका हुशार शिष्यातली उणीव त्याच्या वृद्ध गुरूंच्या ध्यानात आली, आणि ती उणीव होती त्याच्या चांगुलपणात. गुरू पोटविकारांचे डॉक्टर. मोठ्या आतड्यात दुर्बीण घालून अस्तर न्याहाळायचे आणि तिथे उगवलेले मांसाचे बारीक कोंब शोधून काढून टाकायचे, यात त्यांचे आयुष्य गेले होते. असे सगळेच कोंब वाईट नसतात. काही मात्र वर्षानुवर्षे मुकाट वाढतात आणि पुढे त्यांचा कर्करोग होतो. तो होण्याच्या आत त्यांना गाठायचे, एवढीच या विद्येची सारी थोरवी.

शिष्याचा हात सफाईदार होता, नजर तीक्ष्ण होती. पन्नाशीतला एखादा धडधाकट व्यापारी तपासणीला आला की तो दुर्बीण पार टोकापर्यंत नेई आणि मागे घेताना अस्तराची वळी न् वळी उलगडून पाही. तांदळाच्या दाण्याएवढा कोंबही त्याच्या तावडीतून सुटत नसे. सत्तरी ओलांडलेल्यांतही त्याला कोंब सापडत, पण पन्नाशीतल्यांपेक्षा कमी. गुरूंना खटकले ते नेमके हेच. वय वाढते तसे हे कोंबही वाढतात, म्हणजे म्हाताऱ्या माणसांत ते अधिक मिळायला हवेत. मग हे उफराटे कसे?

काही दिवस गुरू शिष्याच्या मागे नुसते उभे राहून पाहत होते. मग एका सकाळी शिष्य तपासणीच्या खोलीत शिरला, तर टेबलावर रुग्णाचा हिरवा झगा चढवून, डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन साक्षात गुरूच निजलेले.

शिष्य दारातच थबकला. "सर, हे काय? तुम्हाला काही होतंय का?"

"काही होत नाही. जगाची आतडी बघता बघता माझं बघायचं राहून गेलं. सत्तरी उलटली की आता. काल ते खारट औषध पिऊन पोट साफ केलंय, तेव्हा मला परत पाठवू नकोस. आणि भूल नको. मला पडद्यावर बघायचंय."

"पण मी? कुणी मोठे डॉक्टर..."

"तूच."

शिष्याने दुर्बीण आत घातली. एका वळणावर गुरू ओठ घट्ट मिटून कण्हले. ज्यांच्यापुढे उभे राहतानाही आवाज खाली आणायचा, त्यांना असे कण्हताना पाहणे त्याला सोसेना. टोक गाठले. आता दुर्बीण हळूहळू मागे घ्यायची, कारण खरे पाहणे या परतीच्या वाटेवरच असते. शिष्याने ती भराभर मागे घेतली. "झालंच सर, झालंच," असे म्हणत त्याने कपाळाचा घाम पुसला. "अगदी स्वच्छ आहे, सर."

गुरू पडल्या पडल्या म्हणाले, "पुन्हा आत जा."

"सर?"

"टोकापर्यंत. आणि मी किती कण्हतो ते ऐकू नकोस."

परिचारिकेने शिष्याकडे पाहिले. सर रागावले की काय, हे तिलाही कळेना. शिष्याने निमूटपणे दुर्बीण पुन्हा आत नेली. या वेळी त्याने व्यापाऱ्याचे आतडे पाहावे तसे गुरूंचे आतडे पाहिले. उजव्या बाजूला एका वळीमागे थोडा बुळबुळीत थर दिसला. त्यावर पाणी सोडताच तो वाहून गेला आणि खाली भिंतीला चिकटलेला, चपटा, अंगठ्याच्या नखाएवढा कोंब उघडा पडला. मघाशी शिष्य याच वळीवरून पुढे गेला होता.

त्याने तारेचा फास टाकून कोंब कापून घेतला आणि दुर्बीण बाहेर काढली.

"सर, इथे काहीतरी आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

"मला कुठे कळलं होतं? मला फक्त माझं वय ठाऊक होतं." गुरू उठून बसले. "तू कामचुकार असतास तर चार शब्द सुनावून मी मोकळा झालो असतो. तू प्रेमळ आहेस, म्हणून मला इथे येऊन झोपावं लागलं. एखादी आजी कण्हली की तुझा हात आपोआप घाई करतो. ज्या वयात सगळ्यात जास्त शोधायचं, त्याच वयात तू सगळ्यात कमी शोधतोस आणि मनात म्हणतोस, मी दया केली. दया करायची तर आतडं फुगवायला हवा कमी भर, हात हलका ठेव, मध्ये थांबून दोन शब्द बोल. एखादा फार थकलेला असला तर त्याची तपासणी करावी की नाही, हा विचार त्याला टेबलावर घेण्याआधी कर. एकदा घेतलंस की बघण्यात सवलत नाही."

त्या कोंबाचा अहवाल आला. कर्करोग झालेला नव्हता, पण वाट तीच धरली होती. तो वाचून शिष्य गुरूंच्या पाया पडला. गुरू म्हणाले, "पाया काय पडतोस? कामाला लाग."

पुढच्याच आठवड्यात एका आजोबांच्या मुलाने बाहेरून निरोप पाठवला, "डॉक्टर, अजून किती वेळ? बाबांना सोसत नाही हो." शिष्य पडद्यावरची नजर न हलवता परिचारिकेला म्हणाला, "त्यांना सांगा, मी बाबांनाच विचारलं. ते म्हणाले, नीट बघ."

तेव्हा वाचकहो, घरच्या वडीलधाऱ्यांना अशा तपासणीला न्याल, त्या दिवशी बाहेरच्या बाकावर जरा ऐसपैस बसा आणि आतल्या माणसाला घाई करू नका.