रंगाखालचा पत्रा

एकदा गाड्या दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध मिस्त्रीचा शिष्य पिठाच्या गिरणीत दळण घ्यायला गेला असता, पलीकडे उभ्या दोन बायकांचे बोलणे त्याच्या कानी पडले. एक म्हणत होती, “नर्सबाईंनी दसऱ्याला गाडी त्याच्याकडे दिली ना, तेव्हापासून बिघडली. आतलं चांगलं ते काढून घेऊन त्यानं...” तेवढ्यात गिरणी सुरू झाली आणि पुढचे शब्द तिच्या घरघरीत बुडाले.

पण कळायचे राहिले होते काय? शिष्य चाळिशीला आलेला, बायकोमुलांचा धनी. बारा वर्षे वस्तादांच्या हाताखाली काढलेली, कुणाचा खिळा कधी घरी नेला नाही. आणि आता चारचौघांत त्याला चोर म्हणत होते. आठवडाभरात दोन जुन्या गिऱ्हाइकांनी गाड्या दुसरीकडे नेल्याही होत्या. माणसाला संताप येणार नाही तर काय?

नर्सबाईंची गाडी वीस वर्षांची. आसपासच्या वाड्यावस्त्यांवर लसींचा डबा घेऊन त्या तिच्यातूनच जात. दसऱ्यापासून त्या गाडीने भलतेच सुरू केले होते. कधी किल्ली फिरवताच चालू होई, कधी नुसते ‘टक्’ करून गप्प बसे. शिष्याने आधी बॅटरी बदलली. गाडी सुरू झाली, तो खूश. दोन दिवसांनी पुन्हा टक्. मग स्टार्टर बदलला, मग किल्लीचा स्विच. प्रत्येक वेळी गाडी सुरू झाली आणि प्रत्येक वेळी पुन्हा रुसली.

शेवटी तो वस्तादांकडे गेला आणि गिरणीतले सगळे सांगून म्हणाला की आता गाडीचे तुम्हीच बघा, मी त्या बायकांना जाब विचारायला चाललो. वस्तादांनी त्याला जाऊ दिले नाही. दुसऱ्या दिवसापासून ते स्वतः नर्सबाईंच्या शेजारी गाडीत जाऊन बसू लागले आणि शिष्याला त्यांनी मागे बसवले. बॉनेट उघडायचे नाही, पाना हाती घ्यायचा नाही. तीन दिवस गाडी बिनतक्रार चालली आणि वस्ताद खिडकीतून शेते बघत राहिले. इकडे आपले नाव मातीत चालले आहे आणि म्हातारा फिरायला निघाला आहे, असे मनात येऊन शिष्य धुमसत होता.

चौथ्या दिवशी एका वस्तीवर लसी देऊन झाल्या. पुढच्या वस्तीवर बायका लेकरे घेऊन थांबलेल्या. नर्सबाईंनी किल्ली फिरवली. टक्.

वस्तादांच्या चेहऱ्यावर समाधान दिसले. त्यांनी बॉनेट उघडायला लावले आणि एक जाड तार बॅटरीच्या ऋण टोकापासून थेट इंजिनाला जोडली. गाडी सुरू झाली. ती बंद करून तार काढली, टक्. पुन्हा जोडली, सुरू. मग त्यांनी बॅटरीची तार गाडीच्या पत्र्याला जिथे आवळलेली असते, तिथला बोल्ट शिष्याकडून सोडवून घेतला. खाली लालभडक, गुळगुळीत रंग होता. वस्तादांनी कानस घेतली आणि तो रंग खरवडायला सुरुवात केली.

शिष्याचा जीव कळवळला. दसऱ्याच्या पूजेला गाडी आतूनही देखणी दिसावी म्हणून त्यानेच तो हौसेने दिला होता. ब्रशचा डाग राहू नये म्हणून ही तारही सोडली होती आणि रंग वाळल्यावर पुन्हा आवळली होती.

“उघड्या पत्र्याशिवाय वीज परत फिरत नाही,” वस्ताद म्हणाले. “बोल्टाच्या आट्यांतून जेमतेम जात होती. धक्का बसला की कधी जाई, कधी नाही. तू गाडी सुरू व्हायची वाट बघत होतास आणि झाली की स्वतःची पाठ थोपटत होतास. मी ती बंद पडायची वाट बघत होतो. बंद पडल्याशिवाय ती सांगणार कशी?”

“म्हणजे लोक बोलतात ते खरं?” शिष्याचा आवाज चढला.

“काढून घेतलंस म्हणतात ते साफ खोटं. माझ्यासमोर म्हणाले तर मी ऐकून घेणार नाही. पण दसऱ्यापासून बिघडली म्हणतात, ते खरं. खोट्याचा तुला इतका राग आला की शेजारच्या खऱ्याकडे तू बघितलंच नाहीस. बाकी सगळं तपासलंस, आपला हात तेवढा सोडून.”

तार पुन्हा आवळून शिष्य नर्सबाईंसमोर उभा राहिला.

“बाई, आतलं मी काही काढलं नाही. पण बिघाड माझ्याच हातचा होता.”

नर्सबाईंनी लसींचा डबा मांडीवरून सीटवर ठेवला आणि त्याच्याकडे पाहिले.

“पुढच्या दसऱ्याला तुमच्याकडेच आणीन,” त्या म्हणाल्या. “रंग नको. फूल वाहा फक्त.”

गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली. शिष्याचा निम्मा संताप तिथेच उतरला. उरलेला निम्मा रास्त होता. तो त्याने तसाच राहू दिला.