वेणूची चुलीजवळची शाळा

करवंदीच्या हिरव्यागार रानाला बिलगून एक इवलीशी झोपडी होती. तिथे वेणू राहायची, आईबरोबर आणि धाकट्या गोंदा-बकुळाबरोबर. बाबा नव्हते. शाळा होती पार डोंगरापलीकडे, आणि धाकट्यांची पावलं अजून चिमुकली. म्हणून आई घरीच शिकवायची. भाकरी थापता थापता पाढे, अंगण झाडता झाडता गाणी, आणि राखेत बोटानं अक्षरं! कधी वरण करपायचं, कधी बेरीज चुकायची. सगळ्यांचं झालं की आई उभ्याउभ्याच गार भाकरी खायची.

एके दिवशी राजाचा कारभारी आला. पितळी मुठीची काठी आपटत म्हणाला, "चुलीपुढे कुठे शाळा असते होय? उद्या सकाळी येतो. मुलं शिकताना दिसली नाहीत, तर वाड्यावर बदकं राखायला नेईन!"

आईनं धाकट्यांना जवळ ओढलं. वेणूच्या नाकाचा शेंडा मात्र रागानं लालेलाल झाला.

सकाळी ती झऱ्यावर धावत निघाली, तर करवंदीच्या जाळीत काहीतरी लुकलुकलं. एक छोटुकली परी! तिचा मोरपंखी पंख काट्यात अडकला होता. उशीर होत होता, तरी वेणू थांबली. बोटाला काटे टोचले, पण पंख हळूच सुटला.

"गुणाची गं माझी वेणू!" परी म्हणाली. "एक इच्छा माग. पण दव सुकायच्या आत हं! तुमच्या झोपडीची शाळाच करू का? संगमरवरी भिंती, चांदीची घंटा! फक्त तिथे पुन्हा चूल पेटणार नाही, केरसुणी फिरणार नाही. नियमच आहे तसा."

"मग नको!" वेणू ठामपणे म्हणाली. "चूल नाही तर आम्ही खाणार काय? आणि आमची शाळा आहेच की. लोकांनी तिला शाळा म्हणावं, एवढं कर."

"लोकांच्या तोंडी शब्द घालणं माझ्या हातात नाही, सोनुले. ते तुलाच करावं लागेल. दुसरं काही माग."

पानावरचं दव विरत चाललं होतं. वेणूला आई आठवली.

"माझ्या आईला रोज बसून गरम भाकरी खायला मिळू दे."

परीचे डोळे पाणावले. "तथास्तु," ती पुटपुटली.

वेणू घरी पोचली, तर आई चुलीवर दूध तापवत बसलेली आणि कारभारी दारात उभा!

"बाई, ते काम थांबवा," तो आईवर खेकसला. "मुलांना ओळीत बसवा."

आई उठू लागली. वेणू मधे आली.

"काम थांबणार नाही, काका. दूध उतू जाईल. आमची परीक्षा इथेच घ्या, चुलीपाशी!"

कारभारी चकित झाला. गोंदानं मापानं तांदूळ मोजले आणि किती जणांना पुरतील ते सांगितलं. बकुळा शेंगा निवडत पाढा म्हणाली. मग तिनं काठीच्या पितळी मुठीवरची अक्षरं बोट फिरवत वाचली, "प्र-जे-ची से-वा." आणि निरागसपणे विचारलं, "काका, म्हणजे काय हो?"

कारभारी मुठीवरची अक्षरं निरखू लागला.

"सांगा ना," वेणू म्हणाली, "ही शाळा नाही तर काय आहे?"

"शाळा," तो हळूच म्हणाला. "शाळाच आहे, पोरी." आणि काठी न आपटता निघून गेला.

तेवढ्यात चूल आपोआप मंद झाली. दूध शहाण्यासारखं भांड्यातच राहिलं. कुणीतरी खांद्याला धरून बसवावं तशी आई पाटावर टेकली. तिच्या ताटात टम्म फुगलेली भाकरी वाफाळत होती! आईनं पहिला घास घेतला आणि डोळे मिटून हसली.

दारात परी भिरभिरली. सोनेरी, गुलाबी, निळा प्रकाश अंगणभर सांडला आणि त्यातच ती विरून गेली.

प्रकाश बघून शेजारची पोरं कुंपणाशी गोळा झाली होती. कुणाच्या कडेवर भावंडं, कुणाच्या डोक्यावर मोळी.

"आम्हाला कामं असतात," एकजण दबकत म्हणाली. "आम्ही आलो तर चालेल?"

"कामं घेऊनच या," वेणू म्हणाली आणि तिनं फाटक सताड उघडलं.