महाराज चौथ्या प्रयत्नात घोड्यावर बसतात

"आठ दिवसांत वर्गणीदार दुप्पट झाले पाहिजेत!" भूपतराव महाराजांनी सिंहासनावर मूठ आपटली. "दर एक पैसाही उतरणार नाही. नवी मालिका येणार नाही, आहे ती जाणार नाही. आणि दुप्पट!"

दरबाराने माना खाली घातल्या. सोनटेक संस्थानाच्या 'राजदर्शन' ॲपवर महिना दोनशे रुपयांत एकच मालिका दिसायची: 'आमची कीर्ती', भाग सत्तर, नायक खुद्द महाराज. शेजारच्या नवलगडच्या ॲपवर नव्व्याण्णव रुपयांत कुस्त्या, हेरकथा, सासवा-सुना, सगळी जत्रा! त्यामुळे राजदर्शनाचे वर्गणीदार होते चारशे बारा, आणि त्यातले निम्मे आत्ता दरबारात माना घालून उभे होते.

"आमच्या कीर्तीत कमी काय आहे?" महाराजांनी विचारलं.

"कीर्तीत काहीच नाही महाराज," दिवाण त्रिंबकपंत घाईघाईने म्हणाले. "प्रत्येक भागाखाली दोन ओळी वर्णन असतं ना, ते लिहिणारी पोरगी कमी पडते."

झालं! गोदा तांबटला बोलावणं गेलं आणि आठ दिवसांचा हुकूम दिवाणजींच्या कारणासकट तिला ऐकवला गेला.

दिवाणजींनी आपली कातडी वाचवली हे गोदाला कळत होतं. पण ते अगदीच खोटं बोलले नव्हते, हेही तिला कळत होतं. सत्तर भागांपैकी त्रेचाळीसांखाली तिने 'थरारक' लिहिलं होतं आणि सत्तावीसांखाली 'काळजाला भिडणारा'. पाहिला मात्र एकही नव्हता. पाहायला वेळ कुठे होता? थरारक लिहिण्यातच दिवस जायचा.

"आणि नाही जमलं तर, महाराज?" तिने विचारलं.

"तर घरी बसायचं! तुझं लिहिलेलं या संस्थानात पुन्हा कुठे दिसायचं नाही."

दोन वर्षांपूर्वी गोदाच्या वडिलांचा उजवा हात गेला, तेव्हापासून घरातली हातोडी बंद होती आणि चूल तिच्या पगारावर पेटत होती.

ती तांबटआळीत परतली. आळीत चाळीस घरं आणि राजदर्शनाची वर्गणी एकच, तीही गोदाची, कारण नोकरांना ती सक्तीची होती. तिचा पासवर्ड आडाच्या कठड्यावर खडूने लिहिलेला असायचा. पावसाने पुसला की कुणीतरी आठवणीने गिरवायचं. महाराजांना हे ठाऊक असतं तर आड बुजवला असता!

आडावर गंगूकाकू पाणी शेंदत होत्या.

"काकू, वर्गणी एक असली की एका वेळी एकाच घरात दिसतं. मग आळीत कधी भांडण कसं होत नाही?"

"भांडण कशाला होईल? बघतंय कोण!" काकू म्हणाल्या. "आमचे हे दुपारी झोप येत नसली की लावतात. पाच मिनिटांत घोरतात."

"मग नवलगडचं बघता?"

"तेही नाही गं! काय बघायचं ते ठरवता ठरवताच भाकऱ्या गार होतात. ज्याच्याखाली बघावं त्याच्याखाली 'थरारक'! कोण मेली लिहिते कुणास ठाऊक!"

"असेल माझ्यासारखीच कुणीतरी," गोदा म्हणाली आणि तिथेच थबकली. वर्गणीदार वाढवायला नकोतच, वाढवायला हवेत ते बघणारे! बघणारे वाढले की आळीला एक वर्गणी पुरणार थोडीच?

दुसऱ्या दिवसापासून ती मालिका पाहायला बसली, जन्मात पहिल्यांदा. पाच दिवसांत सगळे भाग संपवले आणि खालचं सगळं वर्णन पुसून नव्याने लिहिलं. जे दिसलं तेच लिहिलं.

'भाग चौथा. महाराज भाषण करतात. भाषण तीन वेळा संपतं.'

'भाग सतरावा. महाराज घोड्यावर बसतात. चौथ्या प्रयत्नात. घोड्याचं नाव सोशिक.'

'भाग एकतिसावा. महाराज वाघाच्या मागे जातात. मग वाघ महाराजांच्या मागे येतो. याआधी याच जागी मी "काळजाला भिडणारा" असं लिहिलं होतं. चूक झाली, वाघ थोडक्यात भिडायचा राहिला.'

सातव्या दिवशी कुणीतरी झोपेसाठी लावलेल्या भागाखालचं वर्णन आडावर वाचून दाखवलं आणि तांबटआळीत रण माजलं. गंगूकाकूंना सोशिक बघायचा होता, समोरच्यांना वाघ! एकाने लावलं की दुसऱ्याचं बंद. दुपारपर्यंत उरलेल्या एकोणचाळीस घरांनी आपापल्या वर्गण्या भरल्या. कासारआळीत तेच, पेठेत तेच. आठव्या दिवशी आकडा तीन हजारांवर गेला.

तरी महाराज संतापलेले होते. हातात वर्णनांचा कागद होता.

"सगळं संस्थान आम्हाला हसतंय!"

"हसतंय महाराज," गोदा म्हणाली. "पण हसण्याचे दोनशे रुपये मोजतंय! नवलगडचे महाराज नव्व्याण्णवात रोज सात वाघ मारतात, तरी लोक तिथून उठून एका वाघासाठी इथे आले. आणि तो वाघही आपण मारलेला नाही!"

महाराजांनी मिशी ओढली, कागद पुन्हा चाळला आणि शेवटच्या ओळीवर त्यांची नजर अडली. ते मोठ्याने वाचू लागले, "'भाग सत्तरावा. लिहिणारीला तीनदा झोप लागली. शेवट कळल्यास कळवावे.'"

मग ते हळूच पुढे वाकून म्हणाले, "आम्हालाही दोनदा लागली होती. काय गं, शेवट कुणी कळवला का?"

"अजून नाही महाराज," गोदा म्हणाली. "पण तीन हजार लोक प्रयत्नात आहेत!"

महाराज असे खदखदून हसले की मुकुट घरंगळत दिवाणजींच्या पायाशी गेला. तो उचलायच्या आधीच त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून गोदाच्या हाती ठेवलं, तिचा पगार तिप्पट केला आणि सत्तरावा भाग शेवटपर्यंत बघून शेवट कळवण्याची कामगिरी त्रिंबकपंतांवर सोपवली.