शिळ्या पाण्याची बादली

“पाणी तर लख्ख होतं, बुवा... मग मासे मेले कशाने?”

त्रिंबक काचेच्या टाकीपुढे उभा होता. चारांतले तीन मासे पोट वर करून तरंगत होते. चौथा, फाटक्या शेपटीचा केशरी, पाण्यावर तोंड काढून आ वासत होता.

दाजीबुवांनी वाकून टाकीत पाहिलं.

मासे शरयूकाकूंच्या मुलाचे. मुलगा गेला, घरात ती टाकी बघवेना, म्हणून काकूंनी ती बुवांकडे आणून ठेवली. तरी रोज संध्याकाळी यायच्या, घटकाभर माशांकडे बघत बसायच्या आणि मुकाट्याने परत जायच्या.

टाकी कशी सांभाळायची ते बुवांनी त्रिंबकाला नीट सांगितलं होतं. सगळं पाणी एकदम काढायचं नाही, थोडंथोडंच बदलायचं. नळाचं पाणी रात्रभर बादलीत ठेवून मगच घालायचं. खडे टाकीतल्याच जुन्या पाण्यात खळबळायचे.

पण त्रिंबक पडला कडक सोवळ्याच्या घरातला. बुवांकडे कीर्तन शिकायला आला तोही स्वतःचा तांब्या घेऊन, आणि त्या तांब्याला दुसऱ्याने हात लावायची सोय नव्हती. रात्रीचं पाणी सकाळी ओतायचं, ताजं भरायचं, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. त्यात आज एकादशी. बुवांचं आता वय झालं, असं मनात म्हणत स्वारीने टाकी पार रिकामी केली. देवाची उपकरणी घासावीत तशी चिंच लावून घासली, खडे उकळले आणि नळाचं ताजं पाणी काठोकाठ भरलं. अंगणात माशांसाठी ठेवलेली बादलीही शिळी म्हणून मोरीत ओतली. हौस दांडगी!

“नळाच्या ताज्या पाण्यातलं औषध माशांना बाधतं, रात्रभरात ते उडून जातं. घरात शिळं पाणी कुठेच उरलं नाही?” बुवांनी विचारलं.

“आहे... पण...” त्रिंबकाने मान खाली घातली. “संडासाजवळच्या पिंपात. कालचं.”

“घेऊन ये.”

त्या पिंपाजवळून गेला तरी पाय धुणारा हा माणूस. अंगावर सोवळं. तो जागचा हलेना.

केशरी माशाने पुन्हा आ वासला... या वेळी अगदी हळू.

मग मात्र त्रिंबक धावला. पिंपात बादली बुडवली आणि छातीशी धरून देवघरासमोरून आणली. सोवळं भिजलं. टाकीतलं निम्मं पाणी त्याने उपसून काढलं आणि बादलीतलं हळूहळू आत सोडलं. हाताशी दुसरं काही नव्हतं, म्हणून स्वतःच्या तांब्याने.

बऱ्याच वेळाने मासा खाली गेला आणि खड्यांपाशी थांबला. शेपटी हलत होती.

त्रिंबक मटकन खाली बसला. शरमेने त्याला मान वर करवेना. एका आईचं उरलंसुरलं आपण घासूनपुसून टाकलं, तेही सांगितलेलं न ऐकता, हे त्याला आत्ता कळलं. त्याला रडू आलं.

बाहेर फाटक वाजलं. काकूंची वेळ झाली होती.

तो गडबडून उठला. बादली दाराआड सरकवू लागला.

“मीच सांगतो त्यांना, बुवा. पण असं कसं जाऊ... आंघोळ करून, सोवळं बदलून येतो.”

बुवांनी बादली उचलून त्याच्या हातात दिली.

“असाच जा. ही हातात राहू दे.”