ताठ बोटांची गिटार

एकदा एक व्हायोलिनचे मास्तर एका वृद्ध वाद्यकारागिराकडे आले, ते डावा हात शालीखाली झाकूनच. गाव कुठलं ते विचारू नका. वाद्यं घडवणाऱ्यांची गल्ली असलेली गावं आपल्याकडे अजून आहेत, एवढं पुरे. एका दुकानाचं शटर त्या हातावर कोसळून मास्तरांची शेवटची दोन बोटं कायमची ताठ झाली होती. व्हायोलिनच्या तारा दाबायच्या तर चारही बोटं वाकायला हवीत. मास्तरांनी व्हायोलिन पेटीत बंद केलं, शिकवण्या सोडल्या, आणि कुणाच्या लग्नात सनई सुरू झाली तरी ते मांडवातून उठून जाऊ लागले.

"उस्ताद," ते म्हणाले, "मांडीवर आडवी ठेवून वाजवतात ती हवाईयन गिटार करून द्याल का? तिच्या तारा बोटांनी दाबाव्या लागत नाहीत म्हणे, नुसती पोलादी कांडी वरून सरकवायची. लहानपणी आमच्या जत्रेतल्या ऑर्केस्ट्रात पाहिली होती. तशीच जुन्या वळणाची हवी. आणि खरं सांगतो, हीसुद्धा जमली नाही तर मी पुन्हा कुठल्याही वाद्याला हात लावणार नाही."

उस्तादांनी ते काम आपल्या शिष्यावर सोपवलं. शिष्याचा हात कसबी होता आणि ते त्याला ठाऊकही होतं. यातली दुसरी गोष्ट जरा त्रासदायक असते, हे आपण सगळे जाणतोच. त्याने जुन्या तुळईचं मुरलेलं सागवान निवडलं. मध्यभागी मधासारखा आणि कडांकडे गडद होत जाणारा रंग दिला, लाखेचं पॉलिश चढवलं, तारा पिळायला हस्तिदंती रंगाची बटणं बसवली. कुठला सूर कुठे लागतो ते दाखवणाऱ्या आडव्या रेषा पितळेच्या केल्या. एवढ्यावर थांबेल तर तो शिष्य कसला! तारा जिथून सुरू होतात त्या माथ्यावर त्याने एक वेल कोरली. साधीसुधी नव्हे, पानं लाकडातून वर उठून आलेली, एखाद्या जुन्या देव्हाऱ्यावर शोभावी अशी. उस्ताद रोज ती वेल वाढताना बघत आणि काही न बोलता आपल्या कामाला लागत.

गिटार पूर्ण झाली तशी शिष्याने ती दर्शनी भिंतीवर टांगली. सगळी गल्ली लोटली. "काय काम आहे राव!" तबलेवाला म्हणाला. "मास्तरांना कशाला देतोस, काचेच्या कपाटात ठेव." शिष्य संकोचल्यासारखा हसला, पण आतून अगदी फुलून गेला होता.

उस्तादांनी गिटार भिंतीवरून उतरवली, शिष्याला खाली बसवलं आणि ती त्याच्या मांडीवर ठेवली. मग बांबूच्या दोन पट्ट्या घेऊन त्याच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं सुतळीने करकचून बांधली.

शिष्याचा चेहरा उतरला. "उस्ताद, माझं काय चुकलं?"

"चुकलं असं मी कुठे म्हटलं? आज दिवसभर असाच राहा. जेव, खा, फिरून ये. आणि मग हिच्यावर वाजव."

रागच आला त्याला, आणि येणारच. सदऱ्याची बटणं लागेनात. चहाची कपबशी हातातून निसटली. गल्लीतला एक जण ओरडला, "काय रे, उस्तादांनी हात मोडला की काय तुझा?" लोक हसले, आणि शिष्याने नकळत आपला हात गमछ्याखाली घेतला. मास्तर शाल का पांघरतात, हा प्रश्न त्याला तोपर्यंत पडलाच नव्हता.

संध्याकाळी तो वाजवायला बसला. वरचे सूर झकास आले. पण अंगठा आणि मोकळ्या दोन बोटांत धरलेली कांडी माथ्याकडे आणून खालचे सूर घ्यायला गेला, तर कांडीमागून येणारी ती ताठ बोटं वेलीच्या पानांवर आपटली. टक्! सूर तुटला. बोटं वाकवावीत तर वाकत नव्हती, मनगट उचलावं तर कांडी तारांवरून सुटत होती. पुन्हा टक्! शिष्याला पुढचं सगळं दिसलं. मास्तर वाजवायला बसतील, त्यांचा सूर असाच तुटेल, आणि ते दोष वेलीला देणार नाहीत. आपल्या बोटांना देतील. गिटार खाली ठेवून उठून जातील आणि पुन्हा कधी कशालाही हात लावणार नाहीत.

डोळे पुशीत तो उस्तादांपुढे उभा राहिला. "तुम्हाला पहिल्या पानालाच कळलं होतं. मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोललो असतो तर तू वेल काढली असतीस, आणि मनात म्हणाला असतास, म्हाताऱ्याला नक्षीचं वावडं आहे. पोरा, तुझं काम वाईट नाही. तू ते भिंतीवर टांगून समोरून पाहिलंस, एवढंच. हे वाद्य मांडीवर वाजतं. बघणारे लगेच वाहवा करतात, म्हणून आपण त्यांच्यासाठी राबत बसतो. पण ज्याला हे वाजवून जगायचं आहे, त्याच्या जागी एकदा तरी बसावं लागतं. ती जागा अवघडच असते. म्हणून तर आपण तिथे बसायचं टाळतो."

शिष्याने पटाशी घेतली. एकेक पान तासून काढलं. माथा गुळगुळीत झाला, तरी त्याने बोटांवरच्या पट्ट्या सोडल्या नाहीत. त्याच ताठ बोटांनी तो लाकूड परत परत चाचपत राहिला, आणि कुठेही अडत नाही अशी खात्री झाल्यावरच त्याने सुतळी सोडली.

मास्तर आले. गिटार मांडीवर घेतली. पहिला सूर बेसूर लागला, दुसराही. मग मास्तरांनी डोळे मिटले आणि कांडी नुसत्या कानाच्या भरवशावर सरकवली. सूर सापडला. तो धरून ते खाली खाली आले, थेट माथ्यापर्यंत, आणि त्यांची ताठ बोटं गुळगुळीत लाकडावरून अलगद सरकली.

ते थांबले. पुन्हा तसंच करून पाहिलं. "उस्ताद, ही बोटं मागच्या मागे तारांवर आपोआप निजतात हो!"

"या वाद्याला मागची बोटं सरळच लागतात, मास्तर. म्हणजे नको असलेली झणझण दबते. नवशिक्याची ती सारखी वाकतात, त्यांना सरळ ठेवता ठेवता जीव मेटाकुटीला येतो. तुमची तयारच आहेत."

मास्तर हसायला लागले आणि हसता हसता रडू लागले. मग म्हणाले, "सोमवारपासून मुलांना परत बोलावतो. मला उगीच धास्ती होती, खालच्या सुरांना माझी बोटं अडतील."

"नाही अडणार," शिष्य म्हणाला.

वेलीचा विषय त्याने काढला नाही, उस्तादांनीही काढला नाही. आपल्या हातून आजवर झालेलं सर्वांत चांगलं काम कुणाला कधीच दिसणार नाही, हे शिष्याला त्या क्षणी उमगलं, आणि त्याचं त्याला जराही वाईट वाटलं नाही.