पडद्यापुरती मदत

पालक संघाने यंदा शाळेच्या नाटकाला मदत द्यायचं ठरवलं, तेव्हा नाटक बसवणाऱ्या मंदाकिनीबाईंनी मुलांसाठी वेशभूषा मागितली. संघाचे अध्यक्ष रावसाहेब ढमढेरे म्हणाले, "कपडे काय, उद्या फाटतील. पडदा घ्या, पिढ्यान्‌पिढ्या टिकेल."

मखमली पडदा आला. त्यावर हातभर सोनेरी अक्षरांत अध्यक्षांचं नाव होतं. मदत तिथंच आटोपली.

स्नेहसंमेलनाला रावसाहेब पहिल्या रांगेत बसले. तिसरी घंटा होऊन गेली, तरी पडदा मिटलेलाच. लोक तेच नाव वाचून कंटाळले. शेवटी रावसाहेबच उठले. "बाई, नाटक सुरू कधी होणार?"

बाई पडद्यापुढे आल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "साहेब, आपण ज्याला मदत दिलीत, ते मघापासून चालूच आहे."

सभागृहात हशा पिकला. ओशाळलेल्या रावसाहेबांनी तिथल्या तिथं कपडे मंजूर केले, पुढच्या वर्षासाठी.

यंदाचा पडदा न उघडताच बाई खुशीत विंगेत आल्या. राणीचं काम करणारी शर्वरी तोंडाचा रंग पुसत बसली होती. तिचं दहावीचं वर्ष, शाळेतलं शेवटचं.

"उत्तर झकास दिलंत, बाई," ती म्हणाली. "पण आम्ही गणवेशातसुद्धा नाटक केलं असतं."