हेव्याची बोडी

पाहुणे, बांधावर खुशाल बसा, पण पाण्यात पाय सोडू नका. आत बोरीचे काटे आहेत. कचरा म्हणून टाकलेले नाहीत, दरसाल मुद्दाम टाकतात. तेही बोडीची मालकीण नाही, शेजारीण टाकते. बोडी म्हणजे आमच्या झाडीपट्टीतलं लहान तळं. हिला हेव्याची बोडी म्हणतात, आणि पलीकडे धानाच्या बांध्यांत, म्हणजे खाचरांत, जे वाळके फाटे उभे दिसतात, तेही त्याच हेव्यातून आलेले.

फार जुनी गोष्ट. इथे एका ढिवराच्या, म्हणजे मासेमाराच्या घरी दोन जावा होत्या, असे सांगतात. थोरली रेवता, धाकटी फुलवंता. वाटणीत थोरलीला मोठी बोडी आणि वरची जमीन मिळाली, धाकटीला ही लहान बोडी आणि खालची जमीन. चैत्रात माताबाईला पहिला नैवेद्य चढतो, नव्या तांदळाचा भात आणि रोहूचा रस्सा. ज्या घरचं धान आणि मासोळी दोन्ही सरस, त्या घरच्या बाईने तो रांधायचा. हा मान कायम रेवताचा. फुलवंता या घरात आली आणि दुसऱ्याच चैत्रात मान तिच्या चुलीवर गेला.

रेवताच्या अंगाचा तिळपापड झाला. धाकटीच्या भाताचा वास आला तरी तिला घास गिळवेना, म्हणे. मोठी बोडी स्वतःची, पण बाईला दिसायची ती धाकटीची लहानच.

पावसाळ्यात एका दुपारी, गाव जेवून आडवं झालेलं पाहून, तिने आपल्या कुंपणाच्या बोरीच्या फांद्या ओढत आणल्या आणि धाकटीच्या बोडीत ढकलल्या. जाळं टाकलं की फाटावं, एवढाच हेतू. पुढे धान निसवायला, लोंब्या धरायला आलं, तेव्हा तिने धाकटीच्या बांध्यांत वाळके फाटे रोवले, त्यांवर घुबडांनी येऊन बसावं म्हणून. ज्या शेतात घुबड बसतं त्याचं वाटोळं होतं, अशी तेव्हा समजूत होती.

घुबडं आली, बसली आणि उंदीर खाऊ लागली. उरलेसुरले उंदीर बांध ओलांडून रेवताच्या धानात शिरले. इकडे बोडीत पहिलंच जाळं टरकन फाटलं, तेव्हा फुलवंताच्या नवऱ्याने कपाळाला हात लावला आणि मासेमारी उन्हाळ्यावर ढकलली. रेवताने त्या दिवशी गूळ खाल्ला, असे सांगतात. पण चोरांचीही जाळी फाटली, पाणमांजरंही काट्यांपुढे हरली, आणि फांद्यांवर धरलेलं शेवाळ खाऊन रोहू सुखाने पोसले. चैत्रात पाणी उतरलं, फांद्या ओढून काढल्या, तर एकेक मासा मनगटाहून जाड. रेवताच्या उघड्या बोडीत चोरांनी ठेवले तेवढेच मासे उरले होते.

मान पुन्हा धाकटीकडे गेला, आणि तो आपल्याच हातांनी गेला हे रेवताला उमगलं. माताबाईच्या पारामागे जाऊन ती रडली, म्हणे. पश्चात्ताप वगैरे काही नाही, निव्वळ जळफळाट.

पुढच्या पावसाळ्यात तिने एकही फांदी हलवली नाही. स्वतःच्या बोडीतही काटे टाकले नाहीत, कारण धाकटीसारखं करायचं म्हणजे तिला मेल्याहून मेल्यासारखं. तेव्हा फुलवंताच तिच्या दारात आली. थोरलीच्या कुंपणाला पडलेलं खिंडार तिने मागेच पाहिलं होतं, बोलली मात्र नव्हती.

"काऊन जी बाई, औंदा काटे नाही टाकले? माझ्यावरचा राग गेला का?"

"राग आहे तसाच आहे," रेवता म्हणाली. "म्हणूनच नाही टाकले."

फुलवंताने त्याच कुंपणाची एक फांदी तोडली आणि रेवताच्या देखत तिच्या बोडीत नेऊन टाकली.

"मंग मीच टाकते जी. मलेही तुमचा हेवा वाटते. सासूबाईनं शेवटलं पाणी तुमच्या हातचं मागितलं. मी उशाशीच बसून होती."

आपलाही कुणी हेवा करत असेल, हे रेवताच्या ध्यानीमनी नव्हतं. तिने कुंपणातली सगळ्यात मोठी फांदी उपसली आणि धाकटीच्या बोडीत टाकून आली. धान निसवलं तसे दोघींनी एकमेकींच्या बांध्यांत फाटेही रोवले.

त्या चैत्रात सरस कोण, हे पंचांना काही ठरवता येईना. मग एकीने भात रांधला, दुसरीने रस्सा. दोघी एकमेकींच्या हंडीवर डोळा ठेवून होत्या, म्हणून दोन्ही थोडं करपलं, म्हणे. माताबाईने ते गोड मानून घेतलं.

आजही धानाची रोवणी आटोपली की आमच्या बाया फांद्या घेऊन निघतात, दुसरीच्या बोडीत टाकतात आणि तोंडावर सांगतात, "जळते वो बाई तुझ्यावर." जिच्या बोडीत कुणी काटा टाकत नाही, ती तोंड पाडून बसते. माझी सून लग्न होऊन आली, त्या वर्षी दिवसभर याच बांधावर बसून होती. जेवायला उठेना. नवखी पोर, तिचा कोण हेवा करणार? दिवस मावळता मावळता शेजारची म्हातारी काठी टेकत आली. तिने वीतभर काटेरी डहाळी पाण्यात फेकली आणि म्हणाली, "जळते वो पोरी तुझ्यावर."

सून तिच्या गळ्यात पडून रडली, मग घरी येऊन पोटभर जेवली.